पाखरू उडालं, मग?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. आधी डोळ्याचं ऑपरेशन, मग परदेशवारी, मग परत आल्यावरची आवराआवर, यात ब्लॉग मागे पडला. भाचीने फोनवर "मावशी, लिहिणं सोडलंस की काय?" असं विचारलं तेव्हा जरा लाजच वाटली. असो.

आज लिहायला बसवलं ते एका मेसेजने. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मावसभावाने तो फॉरवर्ड केला. तुम्हालाही आला असेल. पक्षी म्हणे पिल्लांना पंख फुटेपर्यंत भरवतात, पिल्लं उडाली की मागे वळूनही बघत नाहीत, कसली अपेक्षा ठेवत नाहीत. माणसाने त्यांच्याकडून शिकावं वगैरे. खाली मावळता सूर्य आणि जोडलेले हात. ग्रुपवर धडाधड अंगठे आले. मीही सवयीने अंगठा उमटवायला गेले आणि थांबले. कारण हे खरं नाही. निदान सुतार पक्ष्यांच्या बाबतीत तरी नाही, आणि ते मी स्वतः, डोळ्यांना चष्मा लावून, वहीत तारखा टिपून बघितलेलं आहे.

२०२५ च्या मेमध्ये आम्ही दोघं धाकट्याकडे न्यू जर्सीला गेलो. त्याच्या घरामागे हिरवळीचा एक तुकडा, एक मेपल आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचं वाळलेलं अ‍ॅशचं झाड. अ‍ॅशच्या झाडांना पोखरणारा एक हिरवा भुंगा २०१४ साली न्यू जर्सीत पहिल्यांदा सापडला, तेव्हापासून ही झाडं तिथे वाळत चालली आहेत. माणसांना त्याचं दुःख, पण सुतार पक्ष्यांची चंगळ. सालीखाली अळ्या खायला आणि मेलेल्या लाकडात घर कोरायला जागा!

आपल्याकडेही सुतार आहेत. एकाचं तर शास्त्रीय नावच मराठ्यांवरून ठेवलेलं आहे, जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्याला ‘मराठा सुतार’ म्हणतात. वाईला आमच्या परसातल्या आंब्यावर सोनपाठी सुतार यायचा. पण तो आला कधी, गेला कधी, त्याची पिल्लं कुठे, काही कळायचं नाही. तिकडे अंगणात पक्ष्यांसाठी फीडर टांगायची पद्धत आहे, त्यामुळे पक्ष्यांचा संसारच खिडकीसमोर येतो. एका लोखंडी दांड्याला दोन आकडे. एकाला सूर्यफुलाच्या बियांची उभी नळी, दुसऱ्याला तारेच्या जाळीची चौकोनी डबी, आणि त्या डबीत ‘सूएट’. सूएट म्हणजे काय हे मी पहिल्या दिवशी कौतुकाने विचारलं. गुरांची चरबी! आणि तिच्या वड्या सूनबाईने फ्रीझरमध्ये कुठे ठेवलेल्या, तर खवलेल्या नारळाच्या पिशवीला खेटून. मी दोन दिवस सोलकढी केली नाही. मग "शेंगदाण्याची" म्हणून दुसरी वडी आणली, तर पाकिटावरच्या बारीक अक्षरांत पहिला घटक पुन्हा चरबीच. शेवटी धाकट्याने एका ओंडक्याला ड्रिलने भोकं पाडली आणि मी शेंगदाण्याच्या लोण्यात मक्याचं भरड पीठ मळून त्यात भरायला लागले. चरबीची डबीही राहिली, तिच्यावर माझं राज्य नव्हतं. :) पण लाडू वळणाऱ्या हातांना काम मिळालं.

येणाऱ्यांत सगळ्यात जास्त फेऱ्या डाऊनी नावाच्या सुताराच्या. उत्तर अमेरिकेतल्या सुतारांत हा सर्वांत लहान. वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वीसेक बदाम तळहातावर घेतले तर जितकं भरेल तितकं. काळा-पांढरा पट्ट्यापट्ट्यांचा झगा. नराच्या डोक्यामागे लाल ठिपका, मादीला तो नाही. दोघं मिळून लाकडात बीळ कोरतात, दोघं अंडी उबवतात, आणि रात्रपाळी नराची असते. हे ऐकून ह्यांच्याकडे बघितलं, पण ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

(एक कबुली. शाळेत बदली तासाला मी मुलांना हमखास सांगायची की सुताराच्या डोक्यात निसर्गाने गादी बसवली आहे, म्हणून त्याला ठोके लागत नाहीत. २०२२ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी तीन जातींचे सुतार वेगवान कॅमेऱ्याने टिपून दाखवलं की तसं काही नाही. डोकं हातोडीसारखं टणकच असतं, गादी असती तर उलट ठोका वाया गेला असता. मेंदू लहान असल्यामुळे त्याला तो धक्का सोसतो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी वाचत असेल तर दुरुस्ती करून घ्यावी.)

पिल्लं बिळात अठरा ते एकवीस दिवस असतात आणि मग उडतात. मेसेजवाल्यांची गोष्ट इथे संपते. माझी वही इथे सुरू होते.

९ जून. सकाळी मेपलच्या खोडावर दोन नवे पक्षी. अंगाने आईबापांएवढेच, पण लाल रंग डोक्यामागे नव्हता, पुढे माथ्यावर होता, शाळेतल्या टोपीसारखा. मला वाटलं वेगळीच जात. नात म्हणाली, "आजी, ही बाळं आहेत. बाळांचं लाल पुढे असतं." पंख थरथरवत दोघं एकसारखी ओरडत होती. बाप फीडरवर जायचा, टवका काढायचा, खोडावर येऊन एकाच्या चोचीत घालायचा, पुन्हा फीडर. मोजलं तेव्हा दहा मिनिटांत अकरा फेऱ्या भरल्या. आई मधूनच अळी घेऊन यायची. मेसेजप्रमाणे ह्या दोघांनी एव्हाना मागे वळून न बघता निघून जायला हवं होतं!

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक पिल्लू थेट सूएटच्या डबीवरच येऊन बसलं. म्हणजे पायाखाली खाणं, छातीला खाणं, आणि हे आपलं चोच आकाशाकडे करून बापाला हाका मारतंय. बाप आला, त्याच्याच पायाजवळचा टवका उचलला आणि त्याच्या घशात घातला. मला इतकं हसू आलं की चहा सांडला. धाकटा शेजारी उभा होता. तो हसला नाही. म्हणाला, "आई, पुण्याला माझंही असंच झालं होतं."

मी म्हटलं, म्हणजे रे कसं?

तर तो सांगायला लागला. १९९६ सालची गोष्ट, आणि मी ती २०२५ साली पहिल्यांदा ऐकत होते.

दहावीला त्याला चांगले गुण पडले. आमच्या शाळेतला, मराठी माध्यमाचा मुलगा. पेढे वाटले, सत्कार झाले, आणि जुलैत त्याला अकरावी सायन्ससाठी पुण्याला एका खोलीत कॉट बेसिसवर ठेवून आम्ही संध्याकाळच्या एसटीने परत आलो. एसटीत मी ह्यांना म्हणाले होते, पाखरू उडालं बरं का. डोळे ओले होते पण मनातून ताठ होते मी. दर रविवारी रात्री दर उतरले की तो एसटीडी बूथवरून फोन करायचा. "सगळं ठीक आहे." तीन मिनिटांत आणखी काय बोलणार, समोर मीटरवर लाल आकडे पळत असायचे.

ठीक काही नव्हतं. वर्गात सगळं इंग्रजीतून. ‘वेग’ आणि ‘त्वरण’ त्याला झोपेतही येत होते, पण तेच इंग्रजी नावांनी समोर आल्यावर ओळखू येईनात. जे येत होतं तेच पुढ्यात होतं आणि त्याला चोच कुठे मारायची ते कळत नव्हतं. पहिल्या चाचणीत तिन्ही विषयांत नापास. मेसच्या रांगेत मोठी मुलं चिडवायची म्हणून रात्रीचं जेवण टाळून पाव-बिस्किटावर राहायचा. दिवाळीला घरी आला तेव्हा बारीक झाला होता, आणि मी, चोवीस तास मुलांत वावरणारी बाई, कौतुकाने म्हणाले, "अभ्यासाने वाळलास रे!" पुढे एका वरच्या वर्गातल्या मुलाने त्याला रोज तासभर घेऊन बसवलं आणि गाडी रुळावर आली. तो मुलगा भेटला नसता तर? धाकटा खांदे उडवून म्हणाला, "तर काय, परत आलो असतो." त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, पिल्लाकडे बघत बघत सांगितलं. पण मला त्या रात्री झोप आली नाही.

मी ३४ वर्षं शिकवलं. दर वर्षी दहावीच्या निरोप समारंभात भाषण माझंच असायचं. मराठीची शिक्षिका ना. पंख, आकाश, भरारी, सगळं असायचं त्यात. मुलं रडायची, मुली जास्त रडायच्या, आणि जूनमध्ये निकाल लागला की आम्ही फळ्यावर टक्केवारी लिहून मोकळे. पुढच्या डिसेंबरात त्यातलं कोण कुठे आहे हे शाळेतल्या कुणालाच माहीत नसायचं. कुणी अकरावी सोडून दुकानात लागलेला असायचा, एखादीचं लग्न ठरलेलं असायचं. बाजारात भेटले की कळायचं, आणि मी "अरेरे" म्हणून भाजी घेऊन घरी यायची.

माझं आता स्पष्ट मत झालंय की आपण मोजायला चुकीच्या दिवशी थांबतो. घरट्याबाहेरची पहिली झेप म्हणजे शिक्षण पूर्ण, असं आपण धरून चालतो. वहीत बघितलं तर झेपेनंतरच्या दोन-अडीच आठवड्यांत त्या पिल्लाने किती शिकावं! दांड्यावर नीट उतरायला. (पहिल्यांदा ते नळीवरून घसरत खाली गेलं आणि खारीच्या अंगावर पडता पडता वाचलं.) सूर्यफुलाचं बी सालीच्या फटीत अडकवून फोडायला. आठ-दहा बिया हातच्या गेल्या, खाली होले टिपायला हजरच. एकदा आपल्या शिक्र्याच्या कुळातला, तिकडचा कूपर्स हॉक अंगणावरून गेला. बाप खोडाला चिकटून दगड झाला. पिल्लू अजून ओरडतच होतं. मग बापाकडे बघून म्हणा किंवा कशाने म्हणा, तेही गप्प झालं, आणि पाच-सात मिनिटं दोघंही हलले नाहीत. हे बिळात बसून कसं शिकवणार?

दुसऱ्या पिल्लाचं सांगायला हवं. टाळणार होते, पण बरोबर नाही.

१६ जूनला दुपारी काचेवर ‘ठप्प’ असा आवाज झाला. बाहेर जाऊन बघितलं तर लाल टोपीवालं एक पिल्लू फरशीवर. हातात घेतलं, गरम होतं, मान लुळी. नात रडायला लागली. तो फीडर आधी मागच्या कुंपणाजवळ होता. मला स्वयंपाकघरातून दिसत नाही म्हणून मे महिन्यात धाकट्याने तो खिडकीपासून पंधरा फुटांवर आणला होता. माझ्या हट्टाखातर. त्या संध्याकाळी नातीने वाचून दाखवलं: फीडर एक तर काचेच्या तीन फुटांच्या आत असावा, म्हणजे उडताना पक्ष्याला फार वेग येत नाही, नाहीतर तीस फुटांच्या पलीकडे. मधलं अंतर सगळ्यात वाईट, आणि आम्ही नेमकं तेच निवडलेलं. अमेरिकेत दर वर्षी साडेछत्तीस ते नव्व्याण्णव कोटी पक्षी इमारतींवर आणि काचांवर आपटून मरतात, असा २०१४ सालच्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्या आकड्याने माझं काही हललं नाही. तळहातावरच्या एकाने हललं.

दुसऱ्या दिवशी फीडर खिडकीला अगदी लागून आणला. आणि काचेवर बाहेरच्या बाजूने पांढऱ्या रंगाच्या पेनने दोन-दोन इंचांवर ठिपके काढले, तसं केलं की पक्ष्याला ती वाट मोकळी वाटत नाही. नातीला पट्टी घेऊन मोजत बसायचं होतं. मी म्हटलं, बाजूला हो. पन्नास वर्षं ठिपक्यांची रांगोळी काढलीय मी. सगळी खिडकी भरायला तास लागला, एक ओळ वाकडी गेली नाही.

उरलेल्या पिल्लाने १९ जूनला माझ्या ओंडक्यावर पहिल्यांदा स्वतःच्या चोचीने खाल्लं. त्यानंतर बाप आला तर ते पुन्हा ओरडायला लागलं. येतं खाता, तरी भरव! बापाने एकदा भरवलं, पुढच्या वेळी स्वतःच खात बसला, त्याच्यासमोर. हे दोन-चार दिवस चाललं. २५ जूनला पिल्लू लोचटपणे जवळ सरकलं तर बापाने चोच उगारून त्याला हाकललं. माझ्या वहीत भरवल्याची शेवटची नोंद २४ तारखेची आहे.

तेव्हा, भरवत राहावं असंही मी म्हणत नाही. आपल्याकडे तिशीतल्या मुलाला डबा करून देणाऱ्या, त्याच्या ऑफिसातल्या साहेबाला फोन करणाऱ्या आया मी पाहिल्यात. बापाने चोच उगारली ती बरोबरच उगारली. पण सोळा दिवस आणि कितीतरी शे फेऱ्या झाल्यावर उगारली. त्याआधी पिल्लू खाताना त्याने पाहिलं होतं. आम्ही पुण्याच्या खोलीवर सतरंजी पसरून संध्याकाळची एसटी पकडली होती.

शेजारच्या बाईंना वाटायचं की फीडरने पक्षी आळशी होतात. त्यावर विस्कॉन्सिनमध्ये फार पूर्वी, १९९२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. चिकडी नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांना वर्षानुवर्षं मिळणारे फीडर एका हिवाळ्यात काढून घेतले, तरी ते पक्षी फीडर कधीच न पाहिलेल्या पक्ष्यांइतकेच तगले. मदत मिळाली म्हणून त्यांची स्वतः शोधण्याची बुद्धी गेली नव्हती. शिक्षकांच्या खोलीत "फार लाडावू नका हो" म्हणणाऱ्यांना हे तेव्हा सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

माझी सूचना साधी आहे, आणि जुन्या सहकाऱ्यांपैकी जे अजून नोकरीत आहेत त्यांनी ती मनावर घ्यावी. निरोप समारंभ अर्धा करा. त्यातले पैसे आणि एक दिवस वाचवा, आणि दिवाळीच्या सुट्टीत गेल्या वर्षीच्या दहावीच्या मुलांना शाळेत बोलवा. भाषण नको. फराळ द्या आणि एकेकाला बाजूला घेऊन विचारा, वर्गात कळतंय का, जेवतोस का, खोलीवर कोण आहे. जो येणार नाही त्याच्या घरी कुणीतरी जा, कारण न येणाराच बहुधा अडचणीत असतो.

ऑगस्टच्या शेवटी नात कॉलेजच्या वसतिगृहात गेली, घरापासून तीन तासांवर. धाकट्याने जाहीर केलं की पहिले दोन-तीन महिने तो दर दुसऱ्या रविवारी तिला भेटायला जाणार. सूनबाईला ते पटेना. "आई, तुम्हीच सांगा ह्यांना. तिला मोकळं सोडायला नको का? मैत्रिणींसमोर तिला कसं वाटेल?" तिचंही चूक नव्हतं, ती स्वतः वसतिगृहात मजेत वाढलेली. मी म्हटलं, जाऊ दे त्याला, पण तिने "बाबा, या रविवारी नको" म्हटलं की त्या दिवशी थांबायचं. सूनबाई थोडी फुरंगटली. पहिल्या रविवारी मात्र चकल्यांचा डबा तिनेच भरून दिला. दोनदा तो गेला. तिसऱ्या वेळी नातीचा फोन आला, "बाबा, या वेळी माझी सहल आहे." धाकटा दिवसभर गॅरेज आवरत बसला.

ऑक्टोबरात आम्ही निघालो तोवर त्या पिल्लाच्या माथ्यावरची टोपी गेली होती आणि डोक्यामागे लाल डाग दिसायला लागला होता. म्हणजे मुलगा निघाला. ओंडक्यावर यायचा तेव्हा त्याच्यात आणि बापात फरक करता येईना. आता मक्याचं पीठ धाकटा स्वतः मळतो. फार पातळ करतो, फोटोत दिसतं.

मावसभावाच्या मेसेजला मी अजून काहीच उत्तर दिलेलं नाही. हाच लेख त्याला पाठवते.